सही नसलेल्या भिंती

दांडी म्हटले की आपल्याला प्रथम १९३० चा मिठाचा सत्याग्रह आठवतो. ती दांडी गुजरातेत, नवसारीजवळ. आमच्या पालघर तालुक्यातली दांडी निराळी. बोईसरच्या पश्चिमेला, समुद्राला बिलगून असलेले हे मच्छीमारांचे गाव. नवापूर, उच्छेळी आणि नांदगाव ही त्याची शेजारगावे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात या दांडीला स्थान नाही आणि पर्यटनाच्या पुस्तिकेतही ती सहसा आढळत नाही. तरीही गेल्या माघ महिन्यातल्या एका दिवसाचा आरंभ आम्ही येथूनच केला. तो दिवस आम्ही केवळ चित्रे पाहण्यासाठी राखून ठेवला होता.

चित्रे पाहायची म्हणजे मुंबईला जायचे, काळा घोड्याजवळच्या कलादालनांत शिरायचे, असा आपला समज असतो. पालघर जिल्ह्यात भिंतींनाच कलादालन समजून फिरावे लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा. येथील स्थानके, शाळा, कार्यालये, उपाहारगृहे, जेथे जावे तेथे पांढऱ्या रेषांची, दोन त्रिकोणांच्या देहांची माणसे नाचताना दिसतात. इतकी दिसतात की आपण ती पाहणे सोडून देतो.

माझ्यावर ती पाहण्याची वेळ आली ती व्यवहारातून. बोईसर येथील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कुंपणभिंतीला रंग द्यायचा होता. बँकेतून निवृत्त झालेला वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून खजिनदारपद माझ्याकडे आहे, त्यामुळे दरपत्रके माझ्याकडे आली. त्यांपैकी एका रंगकाम ठेकेदाराने साध्या रंगाचा दर दिला होता आणि खाली एक ओळ जोडली होती : ‘वारली डिझाइन, प्रति चौरस फूट अमुक.’ मी ते पत्रक चित्रकलेचे निवृत्त शिक्षक असलेल्या माझ्या मित्रांना दाखवले. ते म्हणाले, “साहेब, धनादेशावर सही करण्यापूर्वी एकदा माल तरी पाहून या.” कर्ज मंजूर करण्यापूर्वी तारण पाहण्याचा माझा जन्मभराचा परिपाठ, तेव्हा त्यांचे म्हणणे मला लगेच पटले. त्यांच्याच गाडीने आम्ही निघालो. सौ.ने दशम्या, चटणी आणि पाण्याच्या बाटल्या बरोबर घेतल्या.

होड्यांवरची अक्षरे

सकाळी सातच्या सुमारास दांडीच्या किनाऱ्यावर पोहोचलो. ओहोटी लागली होती. काही होड्या ओल्या वाळूत कललेल्या होत्या. प्रत्येक होडीचा पुढचा भाग निराळ्या रंगाचा. कोठे गर्द निळ्यावर पिवळी पट्टी, कोठे हिरव्यावर लाल. त्यावर देवीचे नाव, कोठे मुलीचे, कोठे वडिलांचे. शेजारी शासनाचा नोंदणी क्रमांक. नावाची अक्षरे वळणदार, सावली दिलेली. क्रमांकाची अक्षरे सरळसोट.

सर म्हणाले, “नाव श्रद्धेचे आणि क्रमांक खात्याचा. दोन्ही एकाच कुंचल्याने लिहितात, पण हात कसा बदलतो पाहा.”

राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत होड्या वर ओढल्या जातात, त्यांची डागडुजी होते आणि नारळी पौर्णिमेपूर्वी त्यांना नवा रंग लागतो. म्हणजे दर वर्षी हे प्रदर्शन नव्याने मांडले जाते आणि समुद्राचे पाणी ते वर्षभर हळूहळू पुसत जाते. होडीवर रंगाऱ्याची सही नसते. तेथे जाळे विणत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी विचारले, तेव्हा त्यांनी हातातले काम न थांबवता रंगाऱ्याचे नाव सांगितले, त्याच्या बापाचेही सांगितले आणि कोणत्या होडीवरचे काम बापाचे व कोणत्या होडीवरचे मुलाचे, हेही दाखवले. सही नव्हती, पण ओळख होती. ही गोष्ट मी वहीत टिपून ठेवली. दिवसभर ती उपयोगी पडली.

कुंपणावरचा नाच

दांडीहून बोईसरला परतताना तारापूर औद्योगिक वसाहतीचा भाग लागतो. किनाऱ्यालगत उत्तरेकडे तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे. १९६९ पासून ते देशाला वीज देत आहे. त्याच्या पाठोपाठ या साऱ्या परिसराचा चेहरामोहरा बदलला. कारखान्यांच्या लांबच लांब कुंपणभिंती या नव्या चेहऱ्याचाच भाग होत. त्यांतल्या एका भिंतीपाशी सरांनी गाडी थांबवली.

भिंतीवर तपकिरी तैलरंग दिलेला होता. त्यावर पांढऱ्या रंगात तारपा नृत्य. तारपा हे भोपळ्याचा तुंबा आणि बांबू यांपासून केलेले, फुंकून वाजवायचे लांब वाद्य. तो वाजवणारा मध्ये असतो आणि स्त्री-पुरुष एकमेकांना धरून त्याच्याभोवती गोलाकार फिरतात.

“आता नीट पाहा,” सर म्हणाले. “या रांगेतला प्रत्येक माणूस हुबेहूब शेजारच्यासारखा आहे. साचा कापून फवारा मारलेला आहे. आणि तारपेवाला कोठे आहे?”

तारपेवाला वर्तुळाच्या बाहेर, एका कोपऱ्यात उभा होता. जागा उरली म्हणून भरला असावा. नाचणाऱ्यांची पाठ त्याच्याकडे होती. सरांनी समजावले की तारपेवाल्याकडे पाठ करून नाचत नाहीत, तो वळेल तसा सारा नाच वळतो. शिवाय नाचणाऱ्यांची साखळी बंद नसते. ती शंखाच्या वेढ्यासारखी आत वळत जाते आणि तिचे बाहेरचे टोक मोकळे राहते. मागून येणारा त्या टोकाला येऊन जोडला जातो. या भिंतीवर मात्र वर्तुळ पक्के बंद केले होते. नव्या माणसाला तेथे शिरायला जागाच नव्हती.

भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात ठेकेदाराचा भ्रमणध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत होता. चित्र काढणाऱ्याचे नाव नव्हते. दांडीच्या किनाऱ्यावरही सही नव्हती; पण येथे आम्ही पहारेकऱ्याला विचारले, तर त्याला काहीच सांगता आले नाही. त्याचा काही दोष नव्हता. ज्यांनी रंगवले ते दोन दिवस आले आणि निघून गेले.

पाच दिवे

बोईसरहून पालघरला जाताना वाटेत कोळगाव येथे जिल्हा मुख्यालयाचे संकुल लागते. २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. रुंद रस्ते आणि भव्य इमारती पाहिल्या की नव्या जिल्ह्याच्या आकांक्षा ध्यानात येतात. आम्ही मात्र थेट शहरातल्या पाचबत्तीला गेलो.

सार्वजनिक शिल्प म्हणावे असे पालघरचे सर्वांत महत्त्वाचे स्थळ हेच. १४ ऑगस्ट १९४२ रोजी, ‘चले जाव’ चळवळीच्या त्या आठवड्यात, आसपासच्या गावांतून मोर्चे पालघरच्या कचेरीकडे निघाले. गोळीबार झाला आणि पाच जणांना वीरमरण आले. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, पालघरचे रामचंद्र भीमाशंकर तिवारी, मुरबे येथील रामचंद्र महादेव चुरी आणि सालवडचे सुकुर गोविंद मोरे. या पाचांच्या स्मृतीचा स्तंभ या चौकात आहे आणि चौकाला सारे पाचबत्ती म्हणतात. दर वर्षी १४ ऑगस्टला येथे अभिवादनासाठी लोक जमतात.

कलेच्या दृष्टीने पाहिले तर या स्तंभात फारसे नक्षीकाम नाही. रिक्षा, फळांच्या गाड्या आणि माणसांची वर्दळ यांनी तो चारही बाजूंनी वेढलेला असतो. तरीही मला तो जिल्ह्यातला अत्यंत यशस्वी कलाविष्कार वाटतो. कारण पाच माणसे गेली आणि गावाने त्यांचे पाच दिवे केले. ‘पाचबत्तीला सोड’ असे रिक्षावाल्याला सांगणारी शाळकरी मुलगीही नकळत त्या पाचांची मोजदाद करते. आम्ही चौकात उभे राहून पाचही नावे मोठ्याने उच्चारली. त्यांतले नांदगाव हे सकाळी पाहिलेल्या दांडीचे शेजारगाव. मघाशी ज्या किनाऱ्याने आलो, त्या बाजूनेच त्या दिवशी माणसे निघाली होती, हे ध्यानात आल्यावर सौ. बराच वेळ काही बोलली नाही.

अंगठ्याचा ठसा

पालघरहून मनोर, तेथून अहमदाबाद महामार्गाने चारोटी. वाटेत महालक्ष्मीचा डोंगर दिसतो. चैत्र पौर्णिमेपासून तिची मोठी यात्रा भरते आणि आदिवासी बांधव लांबून येतात. एका झाडाखाली थांबून आम्ही दशम्या खाल्ल्या. तेथे सरांनी मला एक शब्द सांगितला : लग्नगडी.

हा शब्द मी पूर्वी वाचला होता. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात डहाणू, तलासरी भागातल्या वारल्यांच्या वेठबिगारीचे जे वर्णन आहे, त्यात तो येतो. लग्नासाठी जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून थोडी रक्कम कर्जाऊ घ्यायची आणि ती फिटेपर्यंत त्याच्या शेतावर राबायचे. कर्ज फिटत नसे. हिशेब लिहिणारा तोच, व्याज लावणारा तोच आणि कर्जदाराला अक्षरओळख नाही. लग्न करणारा तरुण अशा रीतीने लग्नगडी होई, बहुधा त्याची बायकोही त्याच दावणीला बांधली जाई. १९४५ पासून वारल्यांनी या वेठीविरुद्ध उठाव केला. वेठबिगार नष्ट करणारा केंद्राचा कायदा व्हायला मात्र १९७६ साल उजाडावे लागले.

माझ्या नोकरीची पहिली वर्षे ग्रामीण शाखेत गेली. कर्जरोख्यावर डाव्या अंगठ्याचा ठसा घेणे हे रोजचे काम होते. शाईची गादी पुढे सरकवताना समोरच्याच्या बोटांकडे लक्ष जाई. चिरा पडलेली, नखांत माती गेलेली ती बोटे ठसा देताना थरथरत. पुढे अधिकारी म्हणून मी हजारो सह्या पडताळल्या. सही म्हणजे ‘हे माझे आहे, याची जबाबदारी माझी’ असे सांगणारी खूण. ज्या समाजाची खूण पिढ्यान्पिढ्या केवळ सावकाराच्या कागदावर अंगठ्याच्या रूपाने उमटली, त्याच समाजाने आपल्या लग्नाच्या वेळी भिंतीवर जे काढले त्यावर मात्र कोणतीही खूण ठेवली नाही, हा विचार त्या झाडाखाली प्रथमच माझ्या मनात आला.

कारण वारली चित्र मुळात लग्नाचे चित्र आहे. कारवीच्या कुडाची भिंत शेणामातीने लिंपायची, तिला गेरूचा हात द्यायचा आणि त्यावर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने चौक काढायचा. कुंचला म्हणजे टोक ठेचलेली बांबूची काडी. काढणाऱ्या सवाष्णी. चौकटीच्या आत पालघट देवी, बाहेर झाडे, प्राणी, पक्षी, घोड्यावरचे वधूवर, नाचणारी माणसे. जवळच दुसऱ्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. लग्न लावणारी धवलेरी ही स्त्री, गाणी म्हणणारीही तीच. त्या लग्नातल्या इतर अनेक गोष्टींसाठी सावकाराची पायरी चढावी लागत होती. चौकाला मात्र कर्ज लागत नव्हते. तांदूळ घरचा, गेरू जमिनीतला आणि हात आपल्याच बायकांचे.

आपल्या वाचकांना यातले एक साम्य चटकन ओळखू येईल. मंदिरात आपण पाटावर तांदळाचा स्वस्तिक काढतो, त्यावर तीन पुंजके आणि चंद्रकोर मांडतो. पूजा झाली की ते तांदूळ आवरले जातात. त्यावर कोणी आपले नाव घालत नाही आणि ते टिकावे अशी अपेक्षाही करत नाही. तांदळाने काढलेले, पुसले जाण्यासाठीच काढलेले चित्र आपल्याला परके नाही.

गंजाड

चारोटीहून डहाणूकडे जाणाऱ्या रस्त्याच्या परिसरात गंजाड आहे. या गावाचे नाव जगभरच्या कलारसिकांना ठाऊक आहे, ते जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे. १९३४ साली जन्मलेल्या या कलावंताची आई लहानपणीच गेली. त्या धक्क्याने मुलाने बोलणे सोडले आणि मातीत रेघोट्या ओढून तो आपले म्हणणे सांगू लागला, असे सांगितले जाते. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या पाड्यांवर आले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या स्त्रियांना कागद देऊन त्यांनी तेथील भित्तिचित्रे कागदावर आणली होती. येथेही त्यांनी कागद आणि रंग दिले. बाईचे काम समजल्या जाणाऱ्या या चित्रकलेत जिव्या म्हसे रोज रमू लागले. लग्न नसतानाही, चौक नसतानाही ते चित्र काढत राहिले.

१९७५ मध्ये मुंबईत जहांगीर कलादालनाच्या इमारतीतील केमोल्ड दालनात त्यांचे प्रदर्शन झाले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वेठबिगारीच्या कायद्याचे सालही तेच, हे दोन आकडे माझ्या वहीत शेजारीशेजारी आहेत. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २०११ मध्ये पद्मश्री आणि २०१८ मध्ये निधन. मासेमारीचे जाळे हा त्यांचा विशेष गाजलेला विषय. सारा कागद व्यापून टाकणारे, बारीक रेषांचे जाळे आणि त्याच्या कडेला एवढासा माणूस. सकाळी दांडीला ज्या वृद्धाच्या मांडीवर जाळे पाहिले होते, ते डोळ्यांसमोर आणले म्हणजे या चित्रातली एकेक गाठ पटते.

सरांच्या ओळखीच्या एका घरी आम्ही गेलो. सारवलेले अंगण, कोंबड्या, ओट्यावर वाळत घातलेले कापड. त्या कापडावर एक तिशीची स्त्री भातलावणीचे चित्र काढत होती. तिच्या सासूबाई दारात बसल्या होत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, “या शेट, बसा.”

सरांनी सांगितले, “आजी, हे शेट नव्हेत, बँकेतले साहेब आहेत.”

आजी मनापासून हसल्या. “बँक काय न् शेट काय, पैसं देणारंच ना?”

व्यापारी समाजात वाढलेल्या माणसाला ‘शेट’ ही हाक नवी नसते. पण मघाशी झाडाखाली लग्नगडी हा शब्द ऐकून आलो होतो. आजींच्या हसण्यात राग नव्हता, तरी ती हाक माझ्या कानात घर करून राहिली. उधारीच्या वहीच्या कोणत्या बाजूला आपण बसलेलो आहोत, हे त्या एका शब्दाने सहज सांगितले.

सौ.ने सुनेला विचारले, “चित्र काढायला कोणाकडे शिकलात?”

“काढायला नाय म्हणत काकू, लिहायला,” ती म्हणाली. “आम्ही चौक लिहितो. सासूच्या हाताखाली बसून शिकले.”

आजींनी मग आपल्या वेळच्या लग्नांची हकिकत सांगितली. पाड्यातल्या सवाष्णी कशा जमत, गाणी म्हणता म्हणता चौक कसा भरत जाई, कोणाची रेघ बारीक आणि कोणाची जाड हे सगळ्यांना कसे ठाऊक असे. लग्न झाल्यावर चौक किती दिवस ठेवत, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “राहील तवर राहील. मंग भिंत सारवायची. दुसरं लगीन आलं का दुसरा लिहायचा.”

मी संस्थेच्या भिंतीचा विषय काढला. लांबी, उंची आणि चौरस फूट मी आधीच काढून नेले होते. सुनेने ते ऐकून घेतले आणि विचारले, “काका, लिहायचं काय?”

मी म्हणालो, “तुम्ही ठरवा. दर काय पडेल?”

“लिहायचं काय ते ठरलं का दिवस सांगते. आम्ही फुटावर नाय घेत, दिवसावर घेतो. जाळं लिहायचं तर दिवस जास्त, नाच लिहायचा तर कमी. मोकळी जागा ठेवली तर तिचे पैसे नाय.”

परिव्ययशास्त्र हा माझा एम.कॉम.चा विषय. एवढ्या मोजक्या शब्दांत खर्चाचे तत्त्व सांगणारा अध्यापक मला भेटला नव्हता. ठेकेदार क्षेत्रफळ विकतो, म्हणून तो भिंत भरतो. ही बाई श्रम विकते, म्हणून ती मोकळी जागा मोकळी ठेवू शकते. कारखान्याच्या कुंपणावर तारपेवाला कोपऱ्यात का कोंबला गेला, याचे उत्तर मला दराच्या एककात सापडले.

शेवटी मी माझ्या मनातली गोष्ट सांगितली. चित्राखाली चित्रकाराचे नाव असावे आणि रक्कम थेट तिच्या बँक खात्यात जमा व्हावी. खाते तिच्या नावावर होते, पासबुकही तिने आतून आणून दाखवले. नावाचा प्रश्न मात्र तिला अवघड वाटला.

“एकटीचं नाव कसं घालू? भिंत मोठी आहे, आम्ही चौघी येऊ. एक देवीचं बघेल, एक झाडं. रेघ कोणाची नि ठिपका कोणाचा, सांगता नाय येणार.”

मी म्हणालो, “मग चौघींची घाला.”

ती सासूबाईंकडे पाहू लागली. आजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “चौघींची घाल. नि पाड्याचं घाल. पाड्याचं आधी.”

२०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन एखाद्या व्यक्तीच्या मालकीचे नसते. अमुक प्रदेशातल्या अमुक समुदायाची ही निर्मिती आहे, असे ते सांगते. पाड्याचे नाव आधी घालण्याची आजींची सूचना ऐकली तेव्हा त्या मानांकनामागचा विचार मला कायद्याच्या कागदापेक्षा अधिक स्वच्छ समजला. जिव्या म्हसे यांच्या नावाने ही कला जगात गेली, हे खरेच. परंतु ज्या बायकांच्या हातांनी ती शतकानुशतके टिकली, त्यांची नावे आज कोणाला माहीत नाहीत. पाड्याच्या नावात निदान त्या साऱ्या जणी येतात.

एक छोटे चित्र आम्ही विकत घेतले. सांगितलेली किंमत तिच्या भ्रमणध्वनीवरच्या चौकोनी संकेतचित्रातून सौ.ने तेथल्या तेथे चुकती केली. आजींनी ‘आलं का पैसं?’ असे दोनदा विचारून खात्री करून घेतली. डहाणूमार्गे आम्ही परतलो, वाटेत चिकू घेतले. दिवस मावळण्यापूर्वी बोईसरला पोहोचलो.

संस्थेच्या सभेत

पुढच्या रविवारी व्यवस्थापन समितीच्या सभेत मी दोन्ही दर मांडले. ठेकेदाराचा दर स्वस्त होता, हे लपवण्याचे कारण नव्हते. एका सदस्यांनी विचारले, “लांबून दोन्ही सारखीच दिसणार ना? मग जास्त पैसे कशासाठी?” प्रश्न रास्त होता. दुसऱ्याच्या पैशाचा विश्वस्त म्हणून मलाही तोच विचारावा लागला असता.

मी एवढेच सांगितले की साच्याच्या भिंतीत आपण रंग विकत घेतो आणि लिहिलेल्या भिंतीत मजुरीचे दिवस. पैसे खर्च होणारच आहेत. ते कोणाच्या खात्यात जमा व्हावेत, एवढाच निर्णय आपल्या हाती आहे. चर्चा तासभर चालली. शेवटी मध्यममार्ग निघाला. संपूर्ण कुंपणाला साधा रंग आणि प्रवेशद्वाराशेजारची एकच भिंत गंजाडच्या चौघींकडे. ठरावात माझ्या विनंतीवरून दोन वाक्ये घातली गेली : भिंतीच्या खाली पाड्याचे नाव आणि चित्र लिहिणाऱ्या चौघींची नावे असतील, आणि मोबदला चौघींच्या खात्यांत विभागून जमा होईल. एकमताने नव्हे, बहुमताने ठराव मंजूर झाला. पावसाळ्यापूर्वी त्या येणार आहेत.

जाणाऱ्यांसाठी

वाचकांपैकी अनेकांचे या पट्ट्यात जाणे-येणे असते. कोणाचा व्यवसाय तेथे आहे, कोणी सुट्टीत डहाणू, केळव्याला जातात. मुलांना घेऊन एक दिवस या भिंतींसाठी अवश्य काढावा. पश्चिम रेल्वेने पालघर, बोईसर, डहाणू ही स्थानके सोयीची आहेत; पाड्यांवर जायला मात्र स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन हवे. पाऊस सरल्यापासून माघापर्यंतचा काळ उत्तम.

भिंत दिसली की मुलांना तारपेवाला शोधायला सांगावे. साखळीचे टोक मोकळे आहे का, दोन माणसे एकमेकांसारखी आहेत की निराळी, हे त्यांनाच ओळखू द्यावे. मुले हे फार लवकर शिकतात. लग्नघरातला चौक पाहण्याची संधी मिळाली तर घरच्यांना विचारून, पादत्राणे काढून पाहावा. ती त्यांची पूजा आहे. चित्र घ्यायचे असेल तर शक्यतो लिहिणाऱ्याच्या हातून घ्यावे आणि नाव विचारावे. नाव विचारल्यावर ती बाई कदाचित थोडी संकोचेल, मग सांगेल. ते चित्रामागे तारखेसह लिहून ठेवावे, म्हणजे घरातली मुले मोठी झाल्यावर ‘हे कोणी काढले?’ असे पाहुण्याने विचारले तर त्यांना उत्तर देता येईल.